पडद्यावरचे डोळे

अठ्ठ्याण्णव सालची उन्हाळ्यातली दुपार. पेणच्या स्टँडवर रोह्याची गाडी लागेना, म्हणून पद्मजाबाईंनी बाकावर टेकून डोळे मिटले. कान मात्र मिटता येत नाहीत. मागच्या बाकावर मुंबईत लॅपटॉप बघून परतलेला पेणचा एक म्हातारा मूर्तिकार आणि त्याची लेक बसले होते.

“बाबा, त्या दोन्ही लॅपटॉपना टिचक्या कशाला मारत होतात? दुकानदार केवढा वैतागला.”

“मूर्तीला नाय मारत आपण? आवाजावरून तडा कळतो. तो छोटा भक्कम हाय. पिशवीत मावंल.”

“पण पडद्याचं काय? व्यापाऱ्यांना त्यावरच फोटो दाखवायचेत.”

“मूर्तीच न्यायची. इतकी वर्षं नेली.”

“आणि सोंडा मोडून परत आणल्या. पडद्याचं बोला. आपल्याच मूर्तीचा फोटो स्कॅन करून दोन्हींवर लावला होता त्यानं.”

“छोट्याची बिजागरी पण घट्ट हाय.”

“छोट्यावर देवाचे डोळे पुसट दिसत होते. तुम्ही काहीच बोलला नाय.”

“काय बोलू?”

“तुमच्या हातचे डोळे होते ते, बाबा.”

“मला दोन्हीकडं पुसटच दिसले, नमू.”



“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली असतील.”

“मग गेल्या साली एवढ्या मूर्तींचे डोळे कसे आखलेत?”

“हाताला पाठ हायेत.”

“बाबा…”

“पडदा चांगलाच घे. यंदापासून त्यावर तुझ्या हातचे डोळे दिसायचेत.”