तांबडं आलवण

हरिहर : ...सारांश काय, वहिनी, रीत होणाऱ्या सूनबाईंच्या लोकांतही तीच आहे. विधवेनं मंगलकार्यात पुढे यायचं नाही.

सगुणा : एवढंच ना, भाऊजी? एवढं सांगायला तो डोंगराखालचा अख्खा बोगदा संपेस्तोवर घसा खाकरत होतात. मला वाटलं, आगबोटीवरचं पाणी बाधलं.

हरिहर : पुढच्या स्टेशनावर दत्तू पलीकडच्या डब्यातून आपल्या डब्यात येईल. त्याच्यासमोर हा विषय निघू नये, म्हणून आत्ताच बोललो.

सगुणा : पोटच्या मुलाचं असलं तरी लग्न ते लग्नच. ठाण्याला झालं असतं, तरी मी माजघरातच बसले असते. मी नुसती दारातून बघेन. समारंभ मुलीच्या घरीच आहे ना? मग त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसते.

हरिहर : एडिंबरोत स्वयंपाकघरं तळघरात असतात.

सगुणा : अगंबाई! मग जिन्यात बसेन.

हरिहर : जिन्यात पाहुण्यांची सारखी ये-जा. माझ्या मते आपण बिऱ्हाडीच थांबावं, हे उचित. विधी आटोपला की दत्तू आणि सूनबाई नमस्काराला येतील. वरमाय म्हणून ही उभी राहील.

मंदाकिनी : मी? इकडून मला विचारणं तरी झालं का?

हरिहर : काकू आहेस त्याची. विचारायचं काय त्यात?

मंदाकिनी : काकू आहे, तर काकू म्हणून उभी राहीन. आई जिवंत असताना आईच्या जागी उभी राहायची मला हौस नाही.

सगुणा : भांडू नका गं. पलीकडच्या डब्यात आत्याबाई आणि मुलं आत्ता कुठं निजली असतील. मंदे, कुणीतरी उभं राहायला हवंच की. तू तुझी चंद्रकळा नेस. काळ्या रात्रीवर चांदणं सांडावं तशी दिसतेस तीत.

मंदाकिनी : तीच तर नेसायची नाही! सुवासिनीचं लेणं म्हणून कापूर घालून आणली नि आता हुकूम झालाय. तिकडं काळं नेसतात त्या विधवा म्हणे. उगाच लोकांना वाटायचं, सूनबाईच्या, एलनच्या आईला जोडीदारीण आली.

(रुळांचा आवाज. हरिहर आणि मंदाकिनी खिडकीबाहेर बघू लागतात.)

सगुणा : बाहेर काय बघता दोघं? एलनची आई काळं नेसते?

मंदाकिनी : मला काय ठाऊक.

सगुणा : मंदे.

मंदाकिनी : आठ वर्षं झाली म्हणे तिचा नवरा जाऊन. दत्तूच म्हणाला, ब्रिंदिसीला आगबोटीतून उतरलो तेव्हा.

सगुणा : आणि लग्नात ती कुठं बसणार? तळघरात?

हरिहर : ती घरची धनीण आहे, वहिनी. पाहुण्यांचं स्वागत तिलाच करावं लागतं. तिची गोष्ट निराळी.

सगुणा : रुपयावरच्या राणीलाही नवरा नाही म्हणतात. तिचीही निराळीच असेल.

हरिहर : राणीचं उदाहरण इथे लागू पडत नाही.

सगुणा : निराळी फक्त माझी आहे, भाऊजी. त्यांच्यात काळं, आपल्यात तांबडं, एवढाच काय तो फरक. ब्रिंदिसीच्या धक्क्यावरच्या बायका माझ्या आलवणाला हात लावून लावून हसत होत्या.

मंदाकिनी : त्या हसत नव्हत्या हो, जाऊबाई. एवढं तांबडं लुगडं बघून त्यांना वाटलं, तुमचंच लग्न आहे.

सगुणा : बघा! एवढ्या वर्षांत आलवणाला कुणी शुभ म्हटलं नव्हतं.

हरिहर : आपण थट्टेवर नेता, म्हणून मला बोलवत नाही. ज्ञातीचा सगळा रोष पत्करून मी आपल्याला समुद्रापार आणलं, हे तरी ध्यानात घ्यावं.

सगुणा : ते खरं. पण रोष तुमच्यावर. मला वाळीत टाकायचं म्हणजे कुठून काढून कुठं टाकायचं? पंगतीला बोलावत होतं कोण? खरं काय ते सांगा. मी आले तर काय बिघडतं?

हरिहर : विचारतील ते लोक.

सगुणा : काय विचारतील?

हरिहर : पदर सरकतो. वारा असतो. हे लोक भेटीला आले की अगदी जवळ येऊन हात हातात घेतात. डोकं दिसेल. मग विचारतील, हे काय आहे?

सगुणा : मग सांगावं, आमच्यात असं असतं.

हरिहर : त्यावर विचारतील, कोणी केलं?

सगुणा : काळुराम न्हाव्यानं.

मंदाकिनी : जाऊबाई!

सगुणा : खोटं का आहे? काळुरामनंच केलं. बिचाऱ्याचा वस्तरा कानामागं दोनदा लागला. तोच म्हणायला लागला, "वहिनीसाहेब, माफ करा." जशी काही त्याच्या मनात होती ती गोष्ट.

हरिहर : वडिलांची आज्ञा होती ती. त्या घरात त्यांच्यापुढे बोलण्याची कोणाची छाती होती?

सगुणा : तुमचं ऐकलं असतं त्यांनी. वकिलीची परीक्षा नुकती उतरला होतात, चारचौघांत ते तुमचा शब्द पुढं करत. आदल्या दिवशी मी दाराआडून म्हटलं होतं, भाऊजी, तुम्ही मामंजींशी बोलाल का? तुम्ही म्हणालात, बघतो. आणि सकाळच्या गाडीनं कल्याणला गेलात. कचेरीचं काम आहे म्हणून.

हरिहर : होतं काम.

सगुणा : रविवार होता तो.

हरिहर : ...लहानग्या दत्तूनं ते पाहू नये, एवढाच हेतू होता माझा. त्याला बरोबर नेलं. आपल्या माहेरीच नेलं, दुसरीकडे नाही.

सगुणा : हो. माझ्या भावाकडं जेवलात. संध्याकाळी परत आणलंत त्याला. पेढ्यांचा द्रोण हातात, आणि दारात उभा राहून मलाच विचारतो, "आई कुठंय?"

मंदाकिनी : पुरे, जाऊबाई. हात जोडते.

सगुणा : मी कुठं रागावून बोलतेय? त्या रागाचा केव्हाच कोळसा झाला, कोळशाची राख झाली. मला एवढंच कळत नाही, भाऊजी, हे सगळं माहीत असलेली आपण तिघंच माणसं. मग त्या परक्या बाईचं तुम्हाला एवढं भय का?

हरिहर : दत्तूनं त्यांना माझ्याविषयी सांगितलंय. काका सुधारक आहेत, वाचनालयाच्या सभेत विधवांच्या दुःखावर बोलतात, टाळ्या पडतात. त्या बाईंना माझी भेट घ्यायची आहे. आणि त्या भेटीत माझ्या शेजारी आपण... मी व्याख्यानात जे शब्द योजतो, वहिनी, ते सगळे तुमच्याकडे पाहिलं की खोटे वाटायला लागतात. आज वाटतात असं नाही. नेहमीच वाटत आले.

सगुणा : म्हणून माझ्याकडं बघत नाही वाटतं तुम्ही. मला वाटे, विधवेचं तोंड बघू नये म्हणून.

मंदाकिनी : आणि दत्तूला काय सांगणार होतात? आई कुठंय म्हणून त्यानं पुन्हा विचारलं तर?

हरिहर : त्याची इच्छा होती, आईनं पहिल्या खुर्चीवर बसावं. मी त्याला सांगितलं, वहिनीच तयार होणार नाहीत.

सगुणा : म्हणजे त्याला माझ्या नावानं खोटं, आणि मला त्यांच्या रीतीच्या नावानं. वकील खरे. दोन्ही बाजूंनी तुम्हीच.

हरिहर : मला बोलायला जागा नाही.

सगुणा : आहे. असं करू. मी येते, आणि कुणी विचारलंच तर सांगू, बोटीवर विषमज्वर झाला, केस उतरले. तापानं जातात केस. तुमचं नाव कशालाच लागायला नको. माझं तरी काय जातंय? केस कशानं का जाईनात.

मंदाकिनी : आणि हे इंग्रजीतून सांगायचं कुणी?

सगुणा : भाऊजी सांगतील. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे.

हरिहर : ...आपली हरकत नसेल, तर सांगेन.

मंदाकिनी : सांगणार? इकडून खरंच सांगणं होणार?

हरिहर : त्या स्वतःच म्हणताहेत, मंदाकिनी.

मंदाकिनी : उपयोग नाही त्याचा. त्या लोकांना सगळं ठाऊक आहे.

हरिहर : काय ठाऊक आहे?

मंदाकिनी : एलननं दत्तूकडं सासूची तसबीर मागितली. त्याच्यापाशी एकही नाही. का नाही, म्हणून तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा सांगावं लागलं त्याला. मामंजींचं, न्हाव्याचं, सगळं. माझ्याजवळ बोलताना डोळे भरून आले होते त्याचे.

हरिहर : आणि कल्याणचं?

मंदाकिनी : कल्याणचंही. काका सुधारक म्हणून आधी सांगून बसला होता. मग हे सांगितलं. तिच्या आईनं सगळं ऐकून घेतलं म्हणे. नंतर म्हणाली, आई नि काका, दोघांनाही घेऊन ये.

सगुणा : दोघांनाही?

मंदाकिनी : तसंच म्हणाली.

हरिहर : म्हणजे मी त्या घरात पाऊल टाकीन, तेव्हा तिथला प्रत्येक जण...

सगुणा : गाडी हळू झाली वाटतं.

हरिहर : वहिनी, बिऱ्हाडी मीच राहतो. पहिल्या खुर्चीवर आपण बसा. तो मान आपलाच आहे. माझी प्रकृती बरी नाही असं दत्तूला सांगा. प्रवासाचा शीण झाला, म्हणा. कोणालाही पटेल.

मंदाकिनी : पुन्हा सकाळचीच गाडी.

सगुणा : मंदे, तू जरा गप्प राहा. तो फलाटावर उभा आहे, आपल्याच डब्याकडं येतोय. नाक पुसा, भाऊजी. तुम्हाला यायला हवं, थोरले म्हणून तुम्हीच आहात त्याला.

हरिहर : त्या लोकांच्या नजरेसमोर मी कसा उभा राहू?

सगुणा : माझ्या मागं उभे राहा. थोडं भिंतीला धरून, खाली मान घालून. मागच्या माणसाकडं कुणी बघत नाही, आणि तिथून सगळं नीट दिसतं.