मरून स्वेटरवाला मुलगा

अहो, मरून स्वेटर! एवढीच खूण दिली होती त्या माणसाला, एवढीच, आणि वर म्हणे ओळखायचं! तुम्हाला सांगतो, सत्त्याण्णवचा नाताळ, सुट्टीचा दिवस, आमचा रेल्वेतला सहादू बायको नवसाबाई आणि मुलगी पल्लवी यांना घेऊन इगतपुरीहून पॅसेंजरने नाशकात आला, वरवर बघाल तर मेनरोडला फिरायला, पण आतली गोष्ट अशी की पल्लवीसाठी देवळाली कॅम्पचा मुलगा बघायचा होता आणि हे पल्लवीलाच कळू द्यायचं नव्हतं. का? तर आधी दोनदा पोह्यांचा ट्रे हातात देऊन पोरीला बसवली होती, दोन्हीकडून नकार, तेव्हा तिने सांगून टाकलं, आता ट्रे धरणार नाही म्हणजे नाही. म्हणून नवसाबाईच्या भावाने, यादवने, ही शक्कल काढली. म्हणाला, दाजी, तुमचा सगळ्यांचा फोटो त्यांना दिलाय, मुलगा मरून स्वेटरात असेल, आईवडील सोबत. पण मुलीकडचे आपण, तेव्हा आधी तुम्ही बोलायचं. गाठ पडली की म्हणायचं, 'अरे वा, तुम्ही इकडे कुठे?' सगळं कसं सहज वाटलं पाहिजे.

सहज! शालिमारला बसमधून उतरतो न उतरतो तर समोर मरून स्वेटर. हा का? तर पलीकडे दुसरा. त्याच्यामागे दोघं. त्या वर्षी फुटपाथवर मरून स्वेटरांचे गठ्ठेच्या गठ्ठे कुठून आले होते देव जाणे, अख्ख्या नाशकाने तेच घेतलेले! पाववाला मरून, रिक्षावाला मरून, बोहारणीचा नवरा मरून... आता यात सहादूचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

भांड्यांच्या दुकानापाशी एक मरून, सोबत आईवडील. सहादू धावला, त्या वडिलांचा हात धरला, म्हणाला, अरे वा, तुम्ही इकडे कुठे? ते म्हणाले, कुकरची शिट्टी घ्यायला. सहादूला वाटलं, काय सहज बोलतात माणसं, घर चांगलं दिसतंय! हात सोडेना. तेवढ्यात दुकानातून कडेवर बाळ घेऊन त्या मुलाची बायको आली. पुढच्या मरूनच्या वडिलांनी तर लांबूनच हात जोडले, की विमा काढून झालाय. नवसाबाई मागून पदर तोंडाला लावून पुटपुटत होती, अहो, जरा बघून तरी धरा. आणि पल्लवी म्हणते कशी, पप्पा, नाशकात तुमच्या एवढ्या ओळखी? रेल्वेतले, म्हणाला सहादू. हे तिसरं स्थळ हातचं गेलं तर पोरगी चौथ्याचं नाव काढू देणार नव्हती, आणि त्याला पोरीची काळजी लागून राहिली होती हो, मनापासून. आता यात त्याचं काय चुकलं?

रविवार कारंज्याच्या चौकात धीरच सुटला. तिथे एक मरून एकटाच भेळ खात होता. असेल, आईवडील मागून येत असतील! सहादूने सरळ विचारलं, मी रेल्वेत असतो, तुमचं शिक्षण किती झालं? तो म्हणाला, दहावी, का काका, रेल्वेत जागा आहे का? झालं... तो जो मागे लागला, तो नाव, पत्ता, जन्मतारीख चिठ्ठीवर लिहून देत बसस्टॉपपर्यंत आला! देवळालीचं कुणी भेटलं नाही ते नाहीच. परतीच्या पॅसेंजरमध्ये सहादू खिडकीकडे तोंड करून बसला.

तिसऱ्या दिवशी यादव इगतपुरीला हजर. तर तुम्हाला सांगतो, ती माणसं दुपारभर यांच्या मागे दहा पावलांवर होती! थंडी बाधेल म्हणून आईने मुलाला स्वेटरवर जॅकेट घालायला लावलं होतं. तुम्ही बोलाल, आता बोलाल, म्हणून बिचारे मागे मागे चालत होते. आता यात... जाऊ द्या.

"मग?" सहादूने विचारलं.

"मुलगी पसंत आहे," यादव म्हणाला. "मुलाला तर फारच." मग पल्लवी तिथेच आहे हे बघून त्याने जीभ चावली. पल्लवी लाजली, पण आत काही गेली नाही. "फक्त एक विचारतात, दाजी. राग मानू नका. तुमच्या डोक्यावर काही उपचार चालू आहेत का?"

सहादूने नवसाबाईकडे बघितलं, पल्लवीकडे बघितलं. पोरगी जीव मुठीत धरून त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

"थंडीतच होतं, म्हणावं," सहादू म्हणाला. "लग्न मे महिन्यात धरा."