धुळ्याहून आणलेला एक्सल

आमचं गाव पारोळ्याच्या पलीकडे, चाळीस उंबऱ्यांचं, आणि त्या चाळीस उंबऱ्यांत बी.ए. झालेला पहिला माणूस मी, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही म्हणाल मास्तर मिरवतो. मिरवतोच. का मिरवू नये? आमच्या वडलांचा अंगठा उठवायचा तरी कुणीतरी हात धरून उठवायचा, आणि त्यांचा मी मुलगा पुण्याला चार वर्षं राहून परीक्षा देऊन आलो. पण शिकलो कुणाच्या जिवावर, तर दगडूभाऊच्या. माझा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा तो पंधराचा असेल नसेल, शेत चुलत्यांकडे सोपवलं आणि चाळीसगावला मोटारीवर क्लिनर राहिला, मग ड्रायव्हर झाला, आणि पुष्कळ वर्षांनी एक जुनी अमेरिकन लॉरी त्यानं स्वतःची केली. स्वतःची म्हणजे काय सांगू तुम्हाला, वहिनी म्हणायची, माझ्या आधी या घरात सवत येऊन बसली होती, तिला रोज आंघोळ, मला सणावारी लुगडं.

ती लॉरी घाटाची. भाऊ स्टेशनावरून मीठ, गूळ, लोखंड घेऊन कन्नडचा घाट चढायचा, येताना कापूस आणायचा. घाटाचे परवाने मोजक्या गाड्यांना, आणि लागोपाठ फेऱ्या चुकल्या की परवाना दुसऱ्याला. त्यात लढाई लागलेली, पेट्रोल मिळेना, म्हणून भाऊनं कोळशाच्या गॅसची टाकी बसवून घेतली होती. गॅसवर इंजिनाचा दम निम्मा. तरी गाडी घाट चढायची, हळू चढायची, पण चढायची.

मी तेव्हा चाळीसगावच्या शाळेत नुकता लागलो होतो. एक दिवस भाऊ पायी घरी आला. तिसऱ्या वळणावर मागच्या एक्सलचे दात तुटले, गाडी बैल लावून खाली आणली, असं त्यानं सांगितलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. लढाईत नवा एक्सल कुठला मिळायला? जळगावला दोनदा जाऊन आला, नाही. मग कळलं की धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे त्याच कंपनीचा एक पडून आहे.

कासमचाचा म्हणजे आमचे मिस्त्री. ते तापानं पडलेले, त्यांना धुळ्याला नेणं शक्य नव्हतं. त्यांनी खाटेवरूनच आम्हा दोघांना समजावलं. म्हणाले, एक्सल बाहेरून सारखे दिसतात, पण आत दोन जाती असतात, एक पळणारा, एक ओढणारा. आपला ओढणारा. ओळखायचा कसा, तर इंजिनाकडचा लांब दांडा जिथं जोडतात ते तोंड हातानं फिरवायचं आणि चाकाचा ड्रम एकदा पुरा फिरेपर्यंत तोंडाचे फेरे मोजायचे. साडेसहा फेरे आले तर आणा, पाच आले तर फुकट दिला तरी आणू नका. आणि दोन्ही बाजूंचे ड्रम बरोबरीनं फिरताहेत ना ते बघा. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. ते मला ऐकू आलं होतं. आलं नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही.

धुळ्याला गेलो. भंगारवाल्याचं आवार पत्र्यांनी आणि जुन्या चाकांनी भरलेलं, एक्सल लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवलेला, त्याचं पलीकडचं टोक पत्र्याच्या ढिगामागं. कंपनीचं नाव इंग्रजीत उठवलेलं होतं, ते मी मोठ्यानं वाचलं. भाऊनं सुतळीनं लांबी मोजली, स्प्रिंगच्या पाट्यांची जागा मोजली, बोल्टची भोकं मोजली, सगळं बरोबर. मधलं झाकण उघडून दात मोजू का म्हटलं तर भंगारवाला म्हणे, नवरी मांडवात आल्यावर घुंगट उघडा, आधी नाही. मग मी अलीकडच्या ड्रमवर चुन्याची खूण केली, भाऊ तोंड फिरवायला लागला, आणि मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. खूण फिरून जागेवर आली तेव्हा साडेसहा. अगदी साडेसहा हो, हवा तोच आकडा.

भाऊ थांबला. म्हणाला, नामा, तिकडला ड्रम बी पाही लेवूत का? मी काय म्हटलं असेल? म्हटलं, भाऊ, गणित इकडून काय आणि तिकडून काय सारखंच येतं. भंगारवाला हसला, म्हणाला, शिकलेला माणूस आणला म्हणजे असं. भाऊची मान अशी ताठ झाली की जणू त्यालाच डिग्री मिळाली. मला तेव्हा पत्र्याच्या ढिगाला वळसा घालून फक्त दहा पावलं जायचं होतं. दहासुद्धा नसतील.

आणल्यावर कासमचाचा म्हणाले, झाकण उघडून एकदा दात मोजतो. भाऊ त्यांना म्हणाला, माझ्या भावानं मोजलाय चाचा, तो बी.ए. शे. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मी काही बोललो नाही. त्यांच्या हाताखालच्या माणसांनी गाडी उचलून लाकडी घोड्यांवर टेकवली, जुना एक्सल उतरवला, नवा पाट्यांखाली सरकवला, बोल्ट आवळले, ब्रेक जोडले, तेल भरलं. दोन दिवस लागले. वहिनीनं नारळ फोडला.

सडकेवर गाडी काय पळाली म्हणता. पूर्वी कधी पळाली नव्हती अशी. भाऊ लहान पोरासारखा हसत होता. चाचा शेजारी गोधडी पांघरून बसलेले, ते एकटेच हसले नाहीत. हळूच म्हणाले, इतनी तेज नहीं भागनी चाहिए, दगडू.

दुसऱ्या दिवशी मिठाची पोती भरली. रविवार होता, मीही बसलो. पायथ्यापर्यंत सुरेख गेली. पहिल्या वळणावर इंजिन धापा टाकायला लागलं, दुसऱ्याच्या आधी बंद पडलं. क्लिनरनं चाकामागं दगड लावला. अर्धी पोती उतरवली, पुन्हा चालू केली, पन्नास पावलं गेली, पुन्हा बंद. आणखी उतरवली. शेवटी रस्त्याच्या कडेनं मिठाची रांग लागली आणि रिकामी लॉरी रडतखडत वळण चढली. रिकामी लॉरी वर नेऊन काय करायचं? मागून परवान्याच्या दुसऱ्या गाड्या आल्या, त्यातला एक ओळखीचा ड्रायव्हर ओरडून गेला, काय दगडू, मीठ वाळत घातलंस का. भाऊनं त्याला हात केला, हसून.

गाडी पुन्हा घोड्यांवर घेऊन चाचांनी झाकण उघडलं. बोट दातांवरून फिरवत मोजत गेले, मला शेजारी बसवून. आतल्या लहान दातेरी चाकाला सात, मोठ्याला छत्तीस. आपले पाच आणि तेहतीस होते, म्हणाले. मी मनात भागाकार केला. पाचाच्या थोडं वर. मग धुळ्याला साडेसहा आले कसे? चाचांनी एका बाजूचं चाक हातानं थोडं दाबून धरलं आणि मला दांडा फिरवायला लावला. दाबलेलं चाक रेंगाळलं, पलीकडचं भरभर फिरलं. तिकडचं पुढं धावलं की इकडचं मागं राहतं, आणि मागं राहिलेल्यावर खूण ठेवून तोंडाचे फेरे मोजले की ते जास्त भरतात. धुळ्याला अलीकडचा ड्रम असाच जड फिरत असणार. गणित चुकलं नव्हतं. मी अर्धाच एक्सल पाहिला होता.

भंगारवाल्यानं परत घेतला नाही, आणि त्याच्याकडे दुसरा नव्हताही. भाऊ भुसावळ, मनमाड, मालेगाव हिंडला. ओढणारा एक्सल मिळाला नाही तो नाहीच. तोवर परवाना गेला. सपाट सडकेवर गाड्या पुष्कळ होत्या, आमच्या लॉरीला तिथं कोण विचारतो? वर्षभरानं ती विकली. घेणारा ती घेऊन गेला तेव्हा भाऊ रस्त्यावर आला नाही, मागल्या दारी लाकडं फोडत बसला.

लोकांनी विचारलं की सांगायचा, एक्सल फुटका निघाला. आईलाही तेच सांगितलं, ती तेच खरं धरून गेली. आता तो दुसऱ्याच्या सर्विस मोटारीवर ड्रायव्हर आहे, त्याच घाटानं उतारू घेऊन जातो. मोटार चाळीसगावला दुपारी थांबते तेव्हा माझ्याकडं जेवायला येतो. लढाई संपली, लष्कराच्या लॉऱ्या लिलावात निघाल्यात, मी म्हटलं, भाऊ, एक घेऊ, यावेळी मी आहे. म्हणाला, नको रे, आता दुसऱ्याची बरी, बंद पडली तर मालक पाहील. मी मग सगळं बोलायला लागलो, ढिगामागचा ड्रम, माझा हट्ट, सगळं. त्यानं भाकरी मोडता मोडता मला थांबवलं.

“तू एकलानी नही मोजं, नामा. फिरावत तर मीच व्हतू ना.”

त्यानं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्या मी आनंदानं घेतल्या असत्या. तो देत नाही. जेवतो, हात धुतो, माझ्या मुलीच्या पाटीवरचा पाढा पाहतो, वाचता येत नाही तरी पाहतो, आणि वेळ झाली की मोटारीकडं जातो. मी दारात उभा राहतो. देव त्याला औक्ष देवो. दुसरं काही द्यायचं माझ्या हातात राहिलेलं नाही.