आमचा हिरवा

अगं, संशोधनाचं कौतुक मला नको सांगूस. कॅम्प पाच नावाच्या वस्तीतली ती विहीर अजून डोक्यात आहे माझ्या.

तिथल्या नाल्याचं पाणी जमिनीखालून त्या विहिरीत झिरपतं का, हे आम्हाला बघायचं होतं. गुहांमधल्या पाण्याची वाट शोधतात तसंच, नाल्यात रंग सोडायचा आणि तो कुठे निघतो बघायचं. आमचा रंग हिरवा. आधी घरोघरी जाऊन सांगितलं, "पाणी हिरवं दिसलं तर घाबरू नका, त्याने काही अपाय नाही."

दोन-तीन दिवसांत विहिरीशेजारच्या गायकवाड मावशींचा फोन. "मॅडम, हिरवं आलं बघा!"

आमचे सर रिक्षातच पेपरचं नाव ठरवायला लागले. नमुना लॅबला गेला आणि कळलं, रंग आमचा नाहीच. कुठल्या तरी कारखान्याने नाल्यात सोडलेला.

"विहीर बाद करा," सर वैतागले. "बदलापूरकडे स्वच्छ जागा बघू."

"पण सर, कारखान्याचा रंग आला म्हणजे नाला झिरपतोच की!"

"तो आपण सोडलाय का? कधी सोडला, किती सोडला, काय लिहिणार?"

मावशींना सांगायला अर्थातच मला पाठवलं. म्हटलं, "मावशी, हा रंग आमचा नाही, कारखान्याचा आहे. हे पाणी वापरू नका."

त्या कळशी भरतच राहिल्या. "तुमच्या रंगाने अपाय होत नाही म्हणालात ना?"

"नाही होत."

"मग त्या कारखानेवाल्यांना द्या ना तुमचा. सोडायचाच आहे रोज, तर तो तरी सोडू देत."