दोन ठोके होईपर्यंत

...आणि वर मलाच सांगतात, "ताई, आम्ही सगळं साफ केलंय." साफ! अहो, ती काय माझी माळ्यावरची भांडी आहेत साफ करायला? गाणी आहेत ती, माझ्या नवऱ्याची, आणि तुम्हाला सांगते, साफ हा शब्द त्या माणसाच्या आसपाससुद्धा कधी फिरकला नव्हता, ना दाढी साफ, ना केस, ते एक चामड्याचं जॅकेट, धुवायला मागितलं की म्हणायचे, "नको, त्याचा सूर बिघडेल." जॅकेटचा सूर!

तर झालं काय, हे गेले, आणि ह्यांच्या कंपनीच्या मनात आलं की ह्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा एक अल्बम काढावा. नाव काय, तर 'सर्वोत्तम'. कंपनीचा साहेब घरी आला, मी त्याला गोडबोल्या म्हणते, सोफ्याच्या अगदी कडेवर बसून म्हणाला, "ताई, सरांचं जे जे उत्तम ते सगळं एका जागी येणार." म्हटलं, मग मला विचारा की! ह्यांचं सर्वोत्तम काय असेल तर इस्त्री. कॉलर अशी बसवायचे की मानेला कापेल. ती येणार का अल्बमवर? नाही. अल्बमवर काय, तर 'तू गेलीस तेव्हा'. अख्ख्या दुनियेने रडून रडून ऐकलं ते गाणं. अहो, गेलीस म्हणजे? कुठे गेले होते मी? भाजी आणायला गेले होते! परत आले तर हे गाणं लिहून बसलेले, डोळे भरलेले, आणि मागे गॅसवर दूध उतू गेलेलं. दुधावर एक ओळ नाही त्या गाण्यात.

आता तुम्हाला वाटत असेल, रॉक गाणारा माणूस, म्हणजे घरात कायम दणदणाट. छे हो. दणदणाट बाहेर, मैदानावर, लोकांसमोर. माझी आई बिचारी एकदा ऐकायला आली होती, मधेच माझ्या कानाशी लागून विचारते, "जावई गातायत, की कुणाशी भांडतायत?" पण घरात मात्र टाचणी पडायची सोय नाही. कारण गाणी हे घरातच रेकॉर्ड करायचे. स्वयंपाकघराला लागून अडगळीची खोली, तिच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या, माझ्या माहेरच्या गाद्या बरं का, आणि एकीकडे वीतभर भिंत उघडी ठेवलेली. ती कशाला? ठोक्यांसाठी. खोलीचं दार लागलं की नियम सुरू. नळ नाही, पंखा नाही, कुकर तर नाहीच, शिंक आली तर उशीत तोंड खुपसून. गाणं मनासारखं झालं की हे आतून भिंतीवर दोन ठोके द्यायचे, ठक ठक, म्हणजे सुटलीस, लाव कुकर. आणि एकच ठोका आला तर, थांब गं, जमलं नाही, परत घेतो. आमची लेक लहान असताना पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघायची, आणि मी तिला डोळ्यांनीच: दोन ठोके झाले का? नाही ना? मग गप्प.

आणि एका दमात त्या माणसाला कधी काही जमलंय? मला लग्नाचं विचारलं तेसुद्धा दोनदा. पहिल्यांदा विचारलं, मी लाजून हो म्हणणार, तेवढ्यात म्हणतात, "थांब, नीट नाही आलं, परत विचारतो." मी थांबले. तिथेच चुकलं.

शेवटच्या दिवशीही तेच. जेवणाआधी खोलीत गेले, दार लावून घेतलं. मी इकडे कुकर भरून, गॅस न पेटवता, हातात लायटर धरून उभी. आणि तेवढ्यात खाली एक टेम्पोवाला जो हॉर्न दाबतो, दाबतो तो दाबतोच... मी तशीच अनवाणी जिना उतरून खाली. म्हटलं, "बाबा रे, वर रेकॉर्डिंग चाललंय." तो म्हणतो, "कोणाचं?" मी नाव सांगितलं. तर म्हणतो कसा, "आहे का तो अजून?"

वर आले. घर शांत. आता मला प्रश्न पडला, मी खाली असताना ठोके होऊन गेले की काय? विचारणार कसं? विचारलं तर आवाज होतो. मग बसले. खूप वेळ बसले. शेवटी दार ढकललं, तर हे खुर्चीत, कानांवर हेडफोन, डोकं भिंतीच्या त्या उघड्या तुकड्याला टेकलेलं. डॉक्टर म्हणाले, "क्षणात गेले असतील, त्रास झाला नसणार." बरं वाटलं हो ऐकून. पण मला डॉक्टरांना भलतंच विचारायचं होतं. दोन ठोके झाले होते का?

हसू नका. तेव्हापासून मी घरात टाचा उचलून चालतेय. कुकर आहे तिथेच आहे, पातेल्यात शिजवते सगळं, झाकण ठेवताना खाली बोट धरते. पोळलं तरी ओरडत नाही. लेक फोनवर म्हणते, "आई, कुजबुजतेस काय अशी? कोणी आहे का घरात?" काय सांगू तिला? शेजारीण म्हणते, "किती शांतपणे घेतलंत हो तुम्ही सगळं." शांतपणे! अहो बाई, मला सुटी कुठे मिळालीय अजून? माझं रडायचंसुद्धा राहिलंय. मी रडायला लागले की फार आवाज होतो.

म्हणून दिल्या मी सगळ्या टेप. गोडबोल्याला वाटलं, ताईंचं मन मोठं. त्याला हवं होतं शेवटचं गाणं, कुणी न ऐकलेलं, अल्बमच्या शेवटी घालायला. मला हवा होता त्या गाण्याचा शेवट. ती यंत्रं मला चालवता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर एकटीने ऐकायचा धीर नव्हता.

अल्बम तयार झाला, पहिली प्रत घरी आली. लेकीने लावून दिली. पहिलं गाणं संपलं, मी कान टवकारले... काही नाही. दुसरं, काही नाही. शेवटचं संपलं, तिथेही नुसती पोकळी. सगळे ठोके गायब!

तडक कंपनीत गेले. तिथे एका बिनखिडकीच्या खोलीत आवाज साफ करणारा बसतो, कानवाला म्हणते मी त्याला, कौतुकाने सांगायला लागला, "मॅडम, खुर्ची, दार, ते मागचे ठोके, सगळा कचरा काढला. फक्त 'उलटा सूर्य' मधला तो घंटानाद ठेवलाय, ती सरांची प्रतिभा." म्हटलं, ते झाकण आहे. माझ्या हातून पडलेलं. तो हसला. म्हणतो, "मॅडम, अभ्यासकांनी लिहिलंय त्यावर." म्हटलं, लिहू दे, कुकरचं झाकण आहे ते, कंपनीने ह्यांना न विचारता तसंच बाहेर काढलं, आणि त्यापायी हे माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते. ते राहू दे, मला शेवटची टेप ऐकव, न धुतलेली.

त्याने लावली. गाणं कसं होतं विचारू नका, मी ऐकलंच नाही, मी त्याच्या संपण्याची वाट बघत होते. शेवटच्या ओळीत लांबून हॉर्न आला. आला, आला, आणि बंद झाला. ती मी होते, खाली, अनवाणी. मग खुर्ची करकरली. ह्यांनी श्वास सोडला, एवढा जवळून की मी मागे वळून बघितलं. आणि मग...

ठक.

कानवाला आणि मी, दोघे बघत बसलो त्या यंत्राकडे. टेप संपेपर्यंत. दुसरा आलाच नाही.

बिचारा म्हणाला, "मॅडम, दुसरा द्यायला वेळ मिळाला नसेल सरांना." मलाही वाटलं तसं, अगदी जिना उतरेपर्यंत. पण अहो, ओळीवर हॉर्न आलाय! हॉर्न आलेलं गाणं हे पास करतील? झाकणासाठी आठवडाभर तोंड फिरवणारा माणूस?

आता अल्बम त्या एका ठोक्यावर संपतो, मीच ठेवायला लावला. लोक ऐकून म्हणतात, "काय शेवट केलाय, साक्षात मृत्यूने दार ठोठावलंय." कसला मृत्यू? तो ठोका मी आयुष्यभर ऐकलाय. थांब गं, जमलं नाही, परत घेतो.

तेव्हा बसलेय. कुकर भरलेला आहे, लायटर इथे हाताशी आहे. आणि तुम्ही... अहो, हात खाली घ्या आधी. टाळ्या कसल्या वाजवताय? दोन ठोके झाले का?

नाही ना? मग गप्प.