जनाबाईचा टिकल्या

(चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाकडच्या एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करणाऱ्या सुमनबाईंनी सांगितलं, तसं)

मी सुमन. माहेर बी सावलीकडचं न सासर बी तिकडचंच, सारा धानाचाच पट्टा. लहानपनापासून रोवन्यात वाकली, लगन झाल्यावर बी वाकली, मंग मालक गेले, पोरी आपापल्या घरी गेल्या, एकटी भितीसंगं काय बोलू, म्हून या म्हाताऱ्यायच्या आश्रमात सैपाकाले लागली. सकाळी उठली का बुद्धवंदना घेतो न गॅस पेटवतो. काय सांगू बाई तुम्हाले, इतक्या मानसायचा भात शिजवनं काही कठीन नाई, पन ज्याले कोनी भेटाले येत नाई त्याले जेव म्हननं लय कठीन.

आता ही जनाबाई. तिले दोनी डोळ्यानं दिसत नाई. पोरानं मोटारसायकलवर बसवून आनलं न सोडलं, म्हने माय, धानाची कापनी झाली का न्यायले येतो. धान कापलं, चुरलं, घरी गेलं, त्याच बांधीत मांगून पेरलेली लाखोरीची डाळ बी निघाली, पोरगा काही आला नाई. ही आपली खाटेवर भितीकडं तोंड करून. जेव म्हनलं तं दोन घास, बोल म्हनलं तं हाव नाईतं नाई. रस्त्यानं गाडी वाजली का मान उचले, गाडी पुढं गेली का मान खाली. मले पाहवे नाई.

तेवढ्यात हे कुत्र्याचं पिल्लू कुठून आलं देव जाने. कपाळावर पांढरा ठिपका, म्हून टिकल्या. सैपाकखोलीत शिरे म्हून मी दोनदा हाकललं. तं ते सिद्धं जनाबाईच्या खाटेखाली जाऊन झोपलं. सकाळी पाहतो तं बाई खाली हात सोडून बसली हाय न पिल्लू तिचं बोट चाटून राह्यलं. मले म्हनते, सुमन, याले दूध दे वं, उपाशी हाय. इतक्या दिवसात ती पयल्यांदा आपून होऊन बोलली. मी दूध घेऊन आली न तिथंच उभी राहून रडली.

मंग काय, टिकल्या मोठा झाला न जनाबाई उठून बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवे न नळापर्यंत चालत जाये. पायरी आली का तो थांबे, तो थांबला का हिले समजे. दिवसभर त्याच्यासंगं बोले, पोराच्या लहानपनाच्या गोष्टी सांगे. एकटी तीच नाई, साऱ्यायलेच त्याचा लळा. कोनी मच्छीचा काटा ठेवे, कोनी भात. दुसऱ्याच्या ताटाकडं न पाहनारे म्हातारे टिकल्या कोनाजवळ जास्त बसला म्हून भांडाले लागले. मी म्हनो, भांडा बाप्पा, भांडा, घरात आवाज तं आला.

आन आमच्याच आश्रमातले रहीमचाचा. चाचा चंद्रपूरचे, जनमभर पत्र्याचं काम केलं, पिपे, कंदील, पान्याच्या टाक्या. पाच वक्ताचे नमाजी. टिकल्या जवळ आला का ओरडत, ए दूर, कपडे नापाक मत कर. पन रोज अर्धी पोळी चाचा कंपाउंडच्या भितीवर ठेवत, न तिकडं गेले का हा उतरवून खाये. मी हासो तं म्हनत, सुमनबाई, अल्ला का जीव है, भूका कैसे रहेगा.

आमचा आश्रम म्हंजे गावाचं शेवटचं घर. मांगं नाला, नाल्यापलीकडं जंगल. एक दिवस जंगलखात्याचा गार्ड आला, म्हने नाल्यात बिबटाच्या पायाचे ठसे दिसले, बिबट कुत्र्यासाठी येते, कुत्रं देऊन टाका कोनाले. आश्रम चालवनारे आमचे सर म्हनले बरोबर हाय, मानसायले धोका हाय. जनाबाईनं आयकलं न म्हनली, त्याले द्याचं असन तं मले बी देऊन टाका. मंग चाचा उठले. तेलाचा पिपा कापला, पत्र्याची पट्टी केली, आतून सायकलीच्या ट्यूबचं रबर लावलं का गळ्याले लागू नये, न खिळ्यायची टोकं बाहेरच्या अंगानं काढली, चौफेर. बिबट मान धरते ना, म्हून. इकडं जंगलाकाठी असे पट्टे बांधतेत.

झालं काय, जनाबाईनं सवयीनं त्याच्या गळ्यात हात टाकला न खिळे रुतले. रगत आलं. ती म्हनली, याले मी कवटाळू कशी आता? तवा चाचानं ठरवलं, दिवसा पट्टा काढाचा, ढोरं जंगलातून परतली का घालाचा. चाचानं तिच्या हातात पट्टा देऊन कडी कशी लावाची शिकवलं. ढोरायच्या घंट्या आयकल्या का ती सोताच घाले, न म्हने, चल राजा, तुझा दागिना घाल.

मंग त्या हिवाळ्यात पोराचा फोन आला. सरायले म्हने, सांजच्याले येतो, मायले तयार ठेवा. बाईनं नवं लुगडं नेसलं. टिकल्याले घेऊन फाटकाजवळ बसली, त्याच्या गळ्यात हात टाकून. ढोरं परतली. मी आतून हाक देल्ली, बाई पट्टा? ती म्हनली, राहू दे वं, पोरगा येऊन राह्यला, मले याले धरून बसाचं हाय, मी हायो ना जवळ. मले वाटलं, खरंच हाय, जवळच तं हाय.

दिवस बुडून राह्यला होता. मी भाजीले फोडनी देल्ली न बाहेरून असा आवाज आला का मी गॅस तसाच जळता सोडला. धावली तं जनाबाई जमिनीवर उबडी, मुठीत टिकल्याचे केस, न वरडून राह्यली, सोड त्याले, सोड, माझं लेकरू हाय. बिबटानं बाईच्या हातातून ओढून नेलं होतं. तिनं सोडलं नाई, दूरपर्यंत घासत गेली. तिले बिबटानं काहीच केलं नाई. पोरगा बी आला नाई.

सकाळी नाल्यात सापडलं जे राह्यलं होतं ते. कोनी हात लावे ना. चाचा उतरले, आपल्या खांद्यावरच्या चादरीत उचलून आनलं, सोताच खड्डा खंदला. मंग आंघोळ केली न नमाज पढाले बसले.

जनाबाई पुन्हा भितीकडं तोंड करून. मले राहवे ना. मी बहिनीच्या गावाहून एक पिल्लू पदरात घेऊन आली, सरायले न विचारता, न तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पाठीवरून हात फिरवला, कान चाचपले, मंग हात गळ्यापर्यंत आला न तिथंच थांबला. लय वेळ. पिल्लू हात चाटून राह्यलं, न हिच्या डोळ्यातून पानी. मंग म्हनली, ने सुमन याले. लय गोड हाय, पन इथं नको. गावात दे, एकदम मधातलं घर पाहून दे, काठाचं नको.

मी नेलं बाई. शाळेमांगच्या एका घरी देल्लं, चारी बाजूनं घरंच घरं. आता रोज ताट नेलं का जनाबाई विचारते, मधातच हाय ना वं त्याचं घर? मी म्हनतो, हाव, मधातच. मंग चार घास खाते.