शून्य नंबरची फ्रेम

नाही नाही, तशी नको साहेब, हनुवटी जरा खाली — एवढी नाही — हां, बास. आणि बोलू नका. बोललात की गालाची शीर हलते, मग सगळी मेहनत पाण्यात. मी बोलतो, तुम्ही ऐकत बसा, तुम्हाला सवय नाही म्हणा त्याची — चिडू नका, गंमत केली. गुन्हे शाखेच्या प्रमुखांचे मागचे तीन फोटो मीच काढलेत, मीटिंग हॉलच्या बाहेर ओळीनं लावलेत ना, तेच. तुमचा चौथा. भिंतीवरचा फोटो घाईत काढायचा नसतो, हे मी त्या तिघांनाही सांगितलं होतं. फोन वाजू द्या. वाजून वाजून थांबेल. टोपी मांडीवर ठेवा, दोन्ही हात टोपीवर. छान.

आपलं जुनं आहे नाही साहेब? तुम्ही साधे निरीक्षक होतात, माझे केस काळे होते. कुठेही प्रेत सापडलं की तुमचा शिपाई माझ्या जिन्याखालून हाक मारायचा — फोटोवाले, चला! — की मी निघालो, तोंडातला घास तसाच. ती म्हातारी आठवते? तिसरा मजला, मोरीपाशी पडली होती, डोक्याला मार. आठवणारच, त्याच प्रकरणानं तर तुम्ही वर चढलात, तीन दिवसांत आरोपी, पेपरात नाव. घरमालकाला तिची खोली रिकामी हवी होती हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं — आणि त्या दिवशी तुम्ही त्याच घरमालकाच्या गाडीतून उतरलात हे मला ठाऊक होतं. मी माझ्या जिन्यातून उतरताना बघितलं. मान हलवू नका, साहेब. दिवा परत लावावा लागेल.

मी दारात पोचलो, कॅमेऱ्यात नवीन रोल भरला, फ्लॅश चालतो का बघितलं. तुम्ही म्हणालात, जरा बाहेर थांब, मोजमाप चाललंय. थांबलो. पाच मिनिटं — पाचच. आत बोलावलंत तेव्हा मोरीच्या कडेला पाना पडलेला, नळाचा मोठा पाना, दांड्याला लाल टेप. तुम्ही खडूनं गोल काढलात आणि म्हणालात, याचा जवळून घे. आता तुम्हाला काय माहीत — तुम्हाला खरंच माहीत नव्हतं, तेवढं मी मान्य करतो — ती लाल टेप मी गुंडाळली होती. मी, या हातांनी. आमचे दाजी प्लंबर, ताईचे यजमान. कामावर सगळ्यांचे पाने एकात एक मिसळतात म्हणून आम्ही दोघं गच्चीत बसून त्यांच्या सगळ्या हत्यारांना टेप लावत होतो, रविवारची सकाळ होती, दाजी गाणं म्हणत होते, अगदी बेसूर. त्या दिवशी सकाळी म्हातारीचा नळ त्यांनीच दुरुस्त केला होता. हत्यारांची पिशवी खाली पाण्याच्या टाकीजवळ ठेवून जेवायला घरी गेले होते. खालून वर पिशवी चालत आली नाही साहेब. पिशवीला पाय नसतात.

आणि मी काय केलं? मी जवळून घेतला. एक उभा, एक आडवा. का म्हणाल तर — म्हणणार नाही तुम्ही, मीच म्हणतो — घाबरलो. नवीन स्टुडिओ, तुमच्या खात्याचं काम, आणि तुमची ती नजर. वाटलं, दाजींसारखा माणूस, दोन दिवसांत सोडतील. दोन दिवसांनी तुमचा शिपाई परत जिन्याखाली — फोटोवाले, चला, आरोपीचे फोटो घ्यायचेत! समोरून एक, बाजूनं एक, छातीवर पाटी. तुम्हीच शिकवलेला नियम. समोर दाजी. आणि साहेब, ते हसले. मला बघून हसले! मेहुणा आलाय, आता काही काळजी नाही, असं — तो हसरा फोटो तुमच्या फाइलीत आहे, बघा कधी. तुमचे सरकारी वकील कोर्टात म्हणाले, निर्ढावलेला आहे, फोटोतसुद्धा हसतोय. मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा होतो. शपथेवर सांगितलं, मी दारात पोचलो तेव्हाच पाना तिथं होता. जन्मठेप. सातव्या वर्षी तुरुंगातच गेले, छातीत कळ आली म्हणे. ताईनं मला त्यांच्या अंगाला हात लावू दिला नाही. तिला वाटत होतं मी फक्त फोटो काढले आणि दिसलं ते कोर्टात सांगितलं, तेवढ्यावरच ती बोलायची थांबली होती, खरं तर तिला काहीच माहीत नव्हतं.

पाणी हवंय? नंतर. घाम टिपतो थांबा, कपाळ चमकतंय — हां.

तर गेल्या महिन्यात मी डार्करूम आवरत होतो आणि एका डब्यात — नाही. खोटं कशाला, आता कशाला. डब्याबिब्यात काही सापडलं नाही. पहिल्या दिवसापासून माझ्यापाशीच आहे. साहेब, तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी इथं आलात, याच खोलीत, निगेटिव्ह मोजून घेतल्यात. बोट लावून मोजल्यात, सहा पट्ट्या, सहा सहाच्या, छत्तीस. हुशार माणूस! वेष्टनावर छत्तीस लिहिलेलं, हातात छत्तीस आल्या, निघालात. पण रोल जपून भरला ना, सुरुवातीची फिल्म वाया न घालवता, तर एखादी जास्तीची निघते. आमच्या धंद्यातला प्रत्येक कवडीचुंबक हे करतो, माझे वडील करायचे, मी करतो. एकच्या आधीची, शून्य नंबरची. फ्लॅश चालतो का बघितलं म्हणालो ना मघाशी — दारातूनच बघितलं, तुम्हाला वाटलं नुसताच उडवला. ती फ्रेम. म्हातारी आहे तिच्यात, मोरी आहे, मोरीच्या कडेची फरशी स्वच्छ, काही नाही तिथं. आणि उजवीकडे तुम्ही. हातात दाजींची पिशवी, आणि पिशवीतून एक लाल दांडा वर आलेला. तुम्ही चमकून माझ्याकडे बघताय, म्हणून चेहरा पण असा समोरून आलाय — मी काढलेला तुमचा सगळ्यांत चांगला फोटो साहेब. ती तेवढी कापून मी खिशात टाकली होती. दहा वर्षं! दहा वर्षं रोज काढून बघायचो आणि ठेवून द्यायचो. तुमचा सूड घ्यायचा म्हणून नाही ठेवली, भ्यायलो म्हणून ठेवली. सूड नंतर सुचला.

ताईमुळे सुचला. आली एक दिवस, इतक्या वर्षांनी, चप्पल न काढता दारातच उभी. म्हणाली, यांचा एकही धड फोटो नाही घरात, तुझ्याकडे तो पाटीवाला असेल, पाटी कापून मोठा करून दे, हसतायत म्हणे त्यात. मी द्यायला गेलो आणि हातून पडला, आणि मग — मग सगळंच बोललो. पिशवी, टेप, शून्य नंबर, सगळं. वाटलं मारेल. मारायला हवं होतं. तिनं खाली पडलेला दाजींचा फोटो उचलला, पदरानं पुसला आणि म्हणाली, त्या साहेबाचाही असाच काढ. समोरून आणि बाजूनं. मी ऐकलं तिचं. सोमवारी आम्ही दोघं न्यायाधीशांपुढे गेलो. निगेटिव्ह दिली, लिहून दिलं, सही केली.

उठू नका! बसा साहेब. दार बाहेरून लावलंय. येताना बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती, राखाडी साडी, तिनं तुम्हाला नमस्कार केला नाही — तीच. तुम्ही ओळखलं नाहीत, ती मात्र तुम्हाला एक दिवसही विसरली नाही. आणि तुमच्याच शाखेतल्या त्या नवीन बाई आहेत ना, उपनिरीक्षक, त्यांनी सकाळी फोन केला, अटकेचा हुकूम निघालाय, अकरापर्यंत बसवून ठेवा म्हणाल्या. म्हणून हे दिवे, म्हणून हनुवटी. नाहीतर तुमच्या थोबाडाला एवढा वेळ कोण देतो?

जिन्यात बूट वाजतायत, ऐकू येतंय? दोघं असावेत, तिघं. समोरचा निघाला, आता उजवीकडे वळा. पूर्ण वळा, कान दिसला पाहिजे. टोपी राहू द्या खाली, बाजूच्या फोटोत टोपी लागत नाही. हसणार नाही म्हणता? ठीक आहे. हसायला दाजींसारखं मन लागतं.

झालं.

ताई, दार उघड गं. आणि इकडे ये, हे बटण बघ, हेच दाबायचं. समोरून एक, बाजूनं एक — खोटी साक्ष मीच दिली होती. तुम्ही उठा साहेब. स्टूल रिकामं करा, आता मला बसायचंय.